चुनकळीची तहान

पावसाळा सरून आकाश निवळले, की आमच्या गावोगावी अंगणात चुन्याच्या बादल्या दिसू लागतात. भिंतींवरील शेवाळाचे काळे ओघळ खरवडले जातात, कुंचल्या भिजत पडतात आणि घरोघर पांढरा हात फिरू लागतो. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत या कामास आणखी एक निमित्त असते. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्यापूर्वी दफनभूमीतील गवत काढावयाचे, ढासळलेल्या कडा सावरावयाच्या आणि क्रूसांस व कबरींच्या कठड्यांस चुना द्यावयाचा, ही आपली जुनी रीत आहे.

अशाच एका ऑक्टोबरात आम्ही बऱ्हाणपुराच्या परिसरात असताना घडलेली गोष्ट वाचकांस सांगावयाची आहे. दफनभूमीच्या कोपऱ्यात लोखंडी पिंपात कळीचा चुना विरत होता. पिंपातून वाफा निघत होत्या, आत गदगद आवाज होत होता आणि पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मोठ्या हौसेने काठीने तो ढवळीत होता. आम्ही तेथेच उभे राहून कबरींचा हिशेब करीत होतो. एकाएकी एक बुडबुडा फुटला, चुन्याचा शिंतोडा उडाला आणि मुलाने दोन्ही हातांनी डोळा दाबून किंकाळी फोडली.

भोवती माणसे जमली. कोणी म्हणाले, पाणी लावू नका, चुन्यावर पाणी पडले की तो आणखी उकळतो. कोणी तूप आणावयास धावले. आम्ही शिकत असताना चुन्याचे रासायनिक समीकरण फळ्यावर अनेकदा लिहिले होते. परंतु कबूल करावयास हवे, की त्या क्षणी आमचे पाय जागच्या जागी खिळले. पुढे आला तो एक म्हातारा गवंडी. त्याने मुलास कुशीवर आडवे पाडले, दुखरा डोळा खालच्या बाजूस घेतला, बोटांनी पापण्या फाकल्या आणि कळशीने पाणी ओतावयास लावले. एक कळशी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. मुलगा ओरडत होता, आई रडत होती, पण म्हाताऱ्याने हात काढला नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा मान वर न करता तो एवढेच म्हणाला, "फादर, थोडं पाणी जाळतं, पण लई पाणी वाचवतं."

पुढे इस्पितळात डॉक्टरांनी डोळा पुन्हा बराच वेळ धुतला आणि पापणीच्या आतून चुन्याचे कण वेचून काढले. डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला एक लहानसा पांढुरका डाग मात्र राहून गेला. तो मुलगा भेटला, की आमची दृष्टी त्या डागाकडे जाते आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आपण लोकांस वेळेवर सांगितली नाही, ही टोचणी मनास लागते. म्हणून आजचे हे पान चुन्यासाठी.

चुना मूळचा दगड आहे. चुनखडी, खडू, शिंपले, अंड्याचे कवच आणि संगमरवर ही सारी रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच घरातील भावंडे आहेत. कॅल्शियम कार्बोनेट हे त्यांचे घराणे. १६३१ साली बऱ्हाणपुरात मुमताजमहालाने देह ठेवला आणि पुढे तिच्यासाठी आग्र्यास जो ताजमहाल उभा राहिला, त्याचा शुभ्र पाषाण आणि आपल्या काळ्या रानात नांगराच्या फाळास लागणारे चुनखडीचे खडे, यांत मुख्य द्रव्य एकच आहे. फरक आहे तो घडणीचा व शुद्धतेचा.

हा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला, की त्याची फाळणी होते. त्यातील कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, निघून जातो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड उरते. हीच आपली चुनकळी. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुनकळी मिळते. बाकीचे ४४ किलो वायुरूपाने भट्टीच्या तोंडातून जाते. आमच्या लोणारी मंडळींस हे आकडे ठाऊक नसत, पण भाजलेला खडा हातात हलका लागला म्हणजे तो पक्का भाजला, हे त्यांस बरोबर कळत असे.

चुनकळी एवढी दाहक का, याविषयी पूर्वीच्या विद्वानांची समजूत अशी होती, की भट्टीतील अग्नीच तिच्यात शिरून बसतो. १७५६ साली एडिंबरोचे जोसेफ ब्लॅक यांनी तराजू हाती घेऊन ही समजूत खोटी ठरविली. भट्टीत चुन्याला काही मिळत नाही, उलट त्याचे काही हरवते, हे त्यांनी वजन करून दाखविले. हरवतो तो वायू. पुढे १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने कॅल्शियम हा धातू वेगळा केला आणि चुनकळी हे एका धातूचे ऑक्साइड आहे, हे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

वाचकहो, ब्लॅक यांची ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर चुन्याचे सारे वागणे उलगडते. चुनकळी ही हरवलेल्या वस्तूसाठी आसुसलेली असते. पाणी मिळाले तर पाणी घेते, हवेतील वायू मिळाला तर तो घेते, आंबट द्रव्य मिळाले तर ते घेते. ही तहान हाच तिचा गुण व हाच तिचा दोष होय.

प्रथम पाण्याची तहान पाहू. ५६ किलो चुनकळी १८ किलो पाणी पिऊन ७४ किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, होते. या वेळी जी उष्णता निघते ती थोडीथोडकी नव्हे. एक किलो चांगल्या चुनकळीच्या उष्णतेने घड्यातले सुमारे तीन लिटर पाणी उकळीस येऊ शकेल. म्हणून तर पिंप गदगदते. म्हणूनच दमट जागी कापूस, कडबा किंवा गोणपाटाशेजारी चुनकळी साठवून ठेवणे धोक्याचे आहे. ओल लागून ती तापली तर आग लागू शकते.

दुसरी तहान वायूची. भिंतीवर दिलेला ओला चुना हवेतून तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जे हरवले ते भिंतीवर सापडते. याला दिवस व महिने लागतात. जाड गिलाव्यात तर वर्षे लागतात. या कामास थोडी ओल हवी असते. यास्तव जाणता कारागीर भर उन्हात चुना देत नाही. भिंत आधी पाण्याने भिजवितो आणि पातळ हात दोन-तीनदा देतो. घाईने वाळलेला चुना हाताला पांढरा लागतो, याचे कारण तो नुसता सुकलेला असतो, दगड झालेला नसतो.

जुन्या काळी बैलाच्या घाणीत चुना व वाळू दिवसेंदिवस मळून त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचे पाणी अशी द्रव्ये घालीत. बऱ्हाणपुराचा शाही किल्ला, तेथील हमामखान्याचा रंगीत गिलावा, जामा मशीद, ही सारी कामे चुन्याच्या भरवशावर शतकानुशतके उभी आहेत. चुन्याची भिंत ओल आत घेते व बाहेर टाकते. अशा जुन्या भिंतीवर सिमेंटचा थर चढविला, तर ओल आत कोंडते व आतला दगड-विटांचा भाग पोखरतो. ज्यांची घरे वाडवडिलांच्या वेळची आहेत, त्यांनी डागडुजी चुन्यानेच करावी, हे बरे.

आता चुन्याचा आणखी एक चमत्कार पाहू. तो शाळकरी मुलांसही दाखविता येतो. विरलेला चुना पाण्यात बसू दिला, की वर स्वच्छ पाणी राहते. त्यास चुन्याची निवळी म्हणतात. त्यात नळीने फुंकर घातली, म्हणजे आपल्या श्वासातील वायूने निवळी दुधाळ होते. चुना पुन्हा दगड झाला, त्याची ती बारीक पूड होय. परंतु तसेच फुंकत राहिले, तर काही वेळाने दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा निवळते. अधिक वायू मिळाल्यामुळे तो दगड पाण्यात विरघळला. (हा प्रयोग मोठ्यांच्या देखत करावा आणि निवळी ओढून तोंडात घेऊ नये.)

मुलांच्या पेल्यातील हाच खेळ बऱ्हाणपुराच्या भूमीखाली गेली चारशे वर्षे चालला आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याचे भूमिगत पाणी भुयारांतून उताराने शहराकडे आणले. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही, केवळ उतार. वाटेत हवा व उजेड यांसाठी विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. हाच कुंडी भंडारा. लोक त्यास खुनी भंडाराही म्हणतात. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले.

या भुयारांत उतरून पाहणाऱ्यास भिंतींवर पांढऱ्या क्षाराची जाड पुटे दिसतात. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळांभोवतीच्या मातीतून वायू घेते, त्या बळावर खडकातील व मातीतील चुना विरघळविते आणि भुयारात मोकळ्या हवेशी गाठ पडताच तो वायू सोडून देते. वायू गेला, की चुना पुन्हा दगड होऊन भिंतीस चिकटतो. वर्षानुवर्षे हे पूट चढत गेले, की पाण्याची वाट अरुंद होते. त्या इराणी तज्ज्ञाने डोंगर फोडून वाट केली. पाण्याने थेंबाथेंबाने ती बुजवावयास घेतली! केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्यांची छिद्रे बुजतात व शेतकऱ्यांस त्यांतून आम्ल सोडावे लागते, ती भानगडही हीच. पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थरही हाच.

गंमत अशी, की पाण्यातील हा विरघळलेला चुना काढावयाचा एक मार्ग म्हणजे त्यात आणखी चुना घालणे! १८४१ साली स्कॉटलंडचे टॉमस क्लार्क यांनी ही रीत काढली. नव्याने घातलेला तहानलेला चुना पाण्यातील जास्तीचा वायू पिऊन टाकतो. मग जुना व नवा, दोन्ही चुने दगड होऊन तळाशी बसतात. पाणी मऊ करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत ही युक्ती आजही चालते.

तिसरी तहान आंबटपणाची. आणि उद्योगधंद्यांत चुन्यास जो मान आहे, तो मुख्यत्वे हिच्यामुळे. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. तो तसाच तापविला, तर साखरेची नासाडी होते. म्हणून साखर कारखान्यांत रसामध्ये चुन्याचे दूध सोडतात आणि भारतातील बहुतेक कारखान्यांत त्याबरोबर गंधकाचा धूरही देतात. आम्लता मरते, जो साका बनतो तो रसातील मळ घेऊन खाली बसतो आणि वर स्वच्छ रस राहतो. गुऱ्हाळावर काहिलीत चुन्याची निवळी टाकणारा गुळव्या हेच काम लहान प्रमाणावर करीत असतो.

पोलादाचेही तसेच. लोखंडातील स्फुरद व वाळूचा अंश काढला नाही, तर पोलाद ठिसूळ होते. १८७८ च्या सुमारास इंग्लंडात सिडनी गिलख्रिस्ट टॉमस यांनी दाखविले, की भट्टीचे अस्तर व आतील मिश्रण चुन्याच्या जातीचे असले, तर हा स्फुरद चुना ओढून घेतो आणि मळीच्या रूपाने बाहेर काढता येतो. आजही पोलादाच्या भट्टीत चुनकळी टाकल्यावाचून काम होत नाही. काही वीजकेंद्रांत कोळशाच्या धुरातील गंधकाचा विषारी वायू चुन्याच्या किंवा चुनखडीच्या फवाऱ्यातून नेतात. चुना तो पितो व त्याचा जिप्सम होतो.

बऱ्हाणपूर हे विणकरांचे शहर. तेव्हा कापडाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी युरोपात कापड पांढरे करावयाचे, तर ते कुरणावर उन्हात आठवडेच्या आठवडे पसरून ठेवीत. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरलेल्या चुन्यास क्लोरीन वायू पाजून कोरडी पूड तयार करण्याचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. तीच विरंजक पूड. कापडासाठी हल्ली दुसरी रसायने अधिक वापरतात. परंतु ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत जी टी.सी.एल. पावडर टाकतो, ती याच घराण्यातली.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमचे बोर्डो मिश्रण! फ्रान्समधील बोर्डो प्रांतात १८८५ साली मिलार्डे या शास्त्रज्ञाने त्याचा उपयोग जगापुढे मांडला. १ किलो मोरचूद, १ किलो चुनकळी व १०० लिटर पाणी, हे त्याचे नेहमीचे प्रमाण. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या, लाकडी वा मातीच्या भांड्यांत वेगवेगळी करावी, चुना विरवून पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच ती एकत्र करावी. मिश्रणात लोखंडाचा चकचकीत खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पूट चढले, तर चुन्याची तहान कमी पडली असे समजून आणखी चुना घालावा. नाही तर पाने करपतील.

एवढे सांगून झाल्यावर आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जो चुना रसाची आम्लता मारतो, पोलादातील स्फुरद ओढतो, धुरातील विष पितो, तो डोळ्यात गेला म्हणजे काय करील? तेथेही तो आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो. विरलेला चुना तीव्र अल्कली आहे. डोळ्याच्या नाजूक पडद्यातील स्निग्धांशाचा तो अक्षरशः साबण करतो आणि वाट करीत आत शिरतो. वेदना ओसरली, तरी पापणीखाली अडकलेला एक कण तासन् तास आपले काम करीतच राहतो. बुबुळ पांढरे पडते. कित्येकदा दृष्टी कायमची जाते.

यावर उपाय एकच, पाणी. आणि तेही त्याच क्षणी. चिमूटभर पाण्याने कळीचा चुना तापतो हे खरे. पण धारेने ओतलेले पुष्कळ पाणी ती उष्णताही वाहून नेते आणि चुनाही. त्या गवंड्याच्या बोलण्यात सारे रसायनशास्त्र आले होते. डोळा उघडून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी, वरची व खालची पापणी फाकून आतील कण धुऊन काढावेत आणि मग विलंब न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. वाहन येईपर्यंत व शक्य तर वाटेतही धुणे थांबवू नये. तूप, तेल, दूध, मध यांपैकी काहीही घालू नये. लिंबाने चुना मरतो म्हणून डोळ्यात लिंबू पिळणे, हे तर दुसरे संकट ओढवून घेणे होय. अंगावर कोरडी चुनकळी सांडली असेल, तर ती प्रथम कपड्याने झटकावी, मग भरपूर पाण्याने धुवावे.

चुना विरविताना आधी पिंपात पाणी घ्यावे आणि त्यात चुनकळीचे लहान खडे थोडेथोडे टाकावे. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नये. पिंप अर्धेच भरावे, त्यावर झाकण दाबू नये, प्लास्टिकची बादली घेऊ नये. डोळ्यांस बंद चष्मा व हातांस मोजे असावेत, काठी लांब असावी आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली घागर तयार ठेवावी. मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावे.

घरातील लहानग्यांसाठी एक गोष्ट अधिक आवर्जून सांगतो. पानतंबाखूच्या चुन्याची डबी, नळी किंवा पुडी ही मुलांस खेळणे वाटते. ती हातात दाबली, की फुटते आणि चुना नेमका तोंडावर उडतो. आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांनी अशा कितीतरी बालकांच्या डोळ्यांवर उपचार केले आहेत. आजोबांच्या बंडीच्या खिशातील ती डबी उंच फळीवर गेली, तर घरातील एक डोळा वाचेल. आजोबांनी याचा राग मानू नये.

यंदाही दफनभूमीत चुना विरेल. आम्ही त्या म्हाताऱ्या गवंड्यास निरोप धाडला आहे, की पिंपाजवळ तुम्हीच उभे राहा. त्याचे उत्तर आले, की येतो, पण पाण्याच्या दोन कळशा फादरांनी स्वतः भरून ठेवाव्यात. आम्ही त्या भरून ठेवणार आहोत. वाचकहो, आपणही आपल्या अंगणात कुंचली भिजविण्यापूर्वी एक कळशी भरून ठेवा.